घरी राहून स्वतःची काळजी: कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात कुठली कामं स्वतःकडे ठेवायची

हा लेख रुग्णासाठी आहे. घरच्यांनी वाचायला हरकत नाही, पण यातलं 'तुम्ही' म्हणजे ज्याच्या अंगात आजार आहे तो माणूस. कॅन्सर आता बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, केमो थांबलीय किंवा नुसता त्रास हलका व्हावा म्हणून चालू आहे, आणि पॅलिएटिव्ह केअरचं (म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारं) पथक घरी येतंय किंवा फोनवर आहे, अशांसाठी.

घरभेटी करणारी सिस्टर म्हणून एक गोष्ट मला घरोघरी दिसते. माणूस हॉस्पिटलमधून घरी आला की चार दिवसांत त्याच्या हातातलं सगळं काढून घेतलं जातं. गोळ्या सुनेकडे, फाइल मुलाकडे, एटीएम कार्ड जावयाकडे. मी विचारते, "काका, दुखतंय का?" आणि उत्तर काकू देतात. यात प्रेमच असतं, दुसरं काही नाही. पण दुखणं नेमकं कुठे आहे, रात्री दोन वाजता काय होतं, हे काकूंना कसं कळणार? आणि औषधाचा डोस तर त्या उत्तरावरच ठरतो. तेव्हा काही कामं तुमचीच आहेत, ती कुणाला देऊ नका. बाकीची खुशाल द्या.

पहिले दोन दिवस: फोन, वही, डबा

तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाजवळच्या भिंतीवर चिकटवा: पॅलिएटिव्ह पथकाचा, रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक, आणि जवळच्या फॅमिली डॉक्टरांचा. पथकाला पहिल्याच भेटीत विचारून घ्या, "रात्री फोन केला तर कोण उचलतं? रविवारी कोण असतं?" उत्तर 'कुणी नाही' असलं तरी ते आज कळलेलं बरं. फॅमिली डॉक्टरांना डिस्चार्ज कार्डाची आणि चालू औषधांच्या चिठ्ठीची झेरॉक्स आधीच नेऊन द्या.

अजून पथकाशी गाठच पडली नसेल तर ज्या हॉस्पिटलात उपचार झाले तिथे 'पॅलिएटिव्ह केअर विभाग आहे का' असं थेट विचारा. मुंबईत टाटा मेमोरियलच्या या विभागाची घरभेटीची सेवा आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालतं. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ साली आला, त्याखाली बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत असे कक्ष आहेत, म्हणून गावाकडे राहत असाल तर तिथे चौकशी करा. तिरुअनंतपुरमच्या पॅलियम इंडिया या संस्थेच्या संकेतस्थळावर देशभरातल्या केंद्रांची राज्यवार यादी मिळते. आणि घरी झेपेनासं झालं तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन आहे. १९८६ साली सुरू झालेलं ते देशातलं पहिलं हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना राहायला ठेवून काळजी घेणारी जागा), त्यांचीच एक शाखा गोव्यात लोटलीला आहे. 'घरीच राहायचं' हा निर्णय आज घेतला म्हणून तो कायमचा झाला असं नाही. तो बदलता येतो आणि बदलण्यात कमीपणा नाही.

मग वही. साधी शंभर पानी चालेल. रोज सकाळ-संध्याकाळ पाच गोष्टी: दुखणं शून्य ते दहापैकी किती, कुठली गोळी किती वाजता घेतली, मधे जादा गोळी लागली का, शौचाला झालं का, झोप कशी लागली. लिहायला थकवा येत असेल तर नातवाला सांगा लिहायला, पण आकडा तुमचा हवा. 'जरा बरं आहे' या वाक्याचा डॉक्टरांना काडीचा उपयोग होत नाही. 'काल सात होतं, गोळीनंतर तासाने तीन झालं, पहाटे चारला परत सात' यावरून डोस कुठे कमी पडतोय ते लगेच कळतं.

औषधांसाठी एक झाकणाचा डबा, आणि त्यात फक्त चालू औषधं. बंद झालेल्या गोळ्यांच्या अर्धवट स्ट्रिप वेगळ्या काढून पथकाकडे द्या. डबा लहान मुलांच्या हाताला लागणार नाही, पण तुम्हाला मात्र दिसेल असा. मॉर्फिन (जोरदार दुखण्यावरचं औषध) असेल तर ते कपाटात, कुलपात.

दुखणं

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण दुखणं आटोक्यात नसेल तर बाकी काहीच जमत नाही. झोप नाही, जेवण नाही, कुणाशी धड बोलणं नाही.

आपल्याकडे सोसण्याचं फार कौतुक. बायकांचं तर विचारूच नका. 'होईल कमी' म्हणत रात्रभर कूस बदलत राहतात आणि सकाळी मला सांगतात की त्रास द्यायला नको म्हणून फोन केला नाही. कॅन्सरचं दुखणं सोसून कमी होत नाही. ते साचू दिलं तर नंतर आवरायला औषध जास्त लागतं.

सांगायचं कसं? जागा बोटाने दाखवा. मग प्रकार सांगा: ठणका आहे, जळजळ आहे, करंट बसल्यासारखं होतंय, मुंग्या येतात, की पोटात पीळ पडतो. जळजळ, करंट, मुंग्या ही बहुधा नसांच्या दुखण्याची लक्षणं असतात आणि त्यावर औषधं वेगळी असतात. गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलीन दिलं तर मुलगा मोबाइलवर शोधून म्हणेल, "ही तर फिट्सची गोळी, ही डिप्रेशनची!" बरोबर आहे, पण नसांच्या दुखण्यावरही तीच चालतात. हललं की कळ, पडून राहिलं की बरं, असं असेल तर हाडातलं असू शकतं. अशा दुखण्याला कधी कधी एकाच बैठकीच्या रेडिएशनने चांगला आराम पडतो. 'माझ्या बाबतीत याचा उपयोग होईल का' हा प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत विचारा.

आता मॉर्फिन. नाव काढलं की घरात शांतता पसरते. 'म्हणजे आता शेवट आला का?' असं विचारण्याऐवजी लोक गोळ्या लपवून ठेवतात. मॉर्फिन किती दिवस उरलेत यावरून देत नाहीत, दुखणं किती आहे यावरून देतात. ते घेऊन महिनोन् महिने हिंडणारे-फिरणारे लोक आहेत. व्यसनाची भीतीही अशीच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलं तर व्यसन लागणं विरळा. शरीराला सवय होते, म्हणून एकदम बंद मात्र करायचं नाही, हळूहळू उतरवायचं असतं.

घ्यायचं घड्याळाप्रमाणे. साधी गोळी दर चार तासांनी लिहून दिली असेल तर दुखायची वाट बघत बसू नका, अलार्म लावा. दोन वेळांच्या मधे दुखणं उसळलं तर घ्यायचा जादा डोस कागदावर लिहून मागा, आणि तो किती वेळा लागला ते वहीत टिपा. जादा डोस वारंवार लागतोय म्हणजे मूळ डोस वाढवायला हवा. सावकाश विरघळणारी गोळी असेल तर ती फोडायची नाही, चावायची नाही, कुटून नळीतून द्यायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. पहिले दोन-तीन दिवस झोप येते, काहींना आठवडाभर मळमळतं, मग सरावतं. उलटीची गोळी आधीच मागून ठेवा.

अंगाला झटके यायला लागले, समोर नसलेलं दिसायला लागलं, लघवी कमी झाली किंवा कुणी हलवूनही नीट जाग येईना, तर औषध अंगात साचत असण्याची शक्यता असते. अशा वेळी घरच्यांनी लगेच फोन करायचा. ही चार लक्षणं त्यांना आजच वाचून दाखवा, कारण तेव्हा तुम्ही सांगू शकणार नाही.

मॉर्फिन मिळवणं हा वेगळा उद्योग आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ते इतकं अडकलं की साध्या रुग्णाला मिळेनासं झालं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, नियम देशभर एकसारखे आणि सोपे झाले. तरीही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळेल असं समजू नका, मान्यताप्राप्त संस्थांमधूनच मिळतं. म्हणून शेवटच्या स्ट्रिपपर्यंत थांबायचं नाही. आठवड्याभराचा साठा उरला की माणूस पाठवा, चिठ्ठी आणि रुग्णाचं कार्ड बरोबर देऊन. लग्नाकार्याला गावी जाणार असाल तर गोळ्यांबरोबर चिठ्ठीही पिशवीत हवी.

काहींना फेन्टानिलचा पॅच, म्हणजे कातडीतून दुखण्याचं औषध सोडणारी चिकटपट्टी, लावतात. त्यावर शेकायची पिशवी नको, उन्हात बसणं नको. उष्णतेने औषध भराभर अंगात शिरतं, आणि ताप आला तरी तेच, तेव्हा ताप चढला की कळवा. जुना काढल्यावर चिकट बाजू आत घडी करून पोरांपासून दूर टाका.

आणि एक: पॅरासिटामॉल बऱ्याच गोळ्यांत मिसळलेलं असतं, ट्रॅमाडॉलबरोबर, सर्दीच्या गोळीत. शेजारच्यांनी दिलेली 'चांगली पेनकिलर' घेण्याआधी विचारा.

पोट साफ होणं

मॉर्फिनमुळे आलेली मळमळ काही दिवसांत जाते, गुंगी जाते, पण बद्धकोष्ठ जात नाही. गोळी चालू आहे तोवर पोट साफ होण्याचं औषध चालूच ठेवायचं. इथे आपली घरगुती अक्कल आडवी येते: इसबगोल. भरपूर पाणी आणि हिंडणं-फिरणं असेल तर ते ठीक, पण पाणी जेमतेम जात असताना आणि मॉर्फिनने आतडं मंदावलेलं असताना इसबगोल आत अडकून बसतं. डॉक्टर बिसाकोडिल, सेना (सोनामुखी) किंवा पातळ औषध देतात, तेच घ्या.

तीन दिवस झालं नाही तर फोन. आणि बरेच दिवस अडकल्यावर एकदम पाण्यासारखं थोडं थोडं व्हायला लागलं तर ते जुलाब समजून औषध बंद करू नका. बऱ्याचदा आत खडा तसाच असतो आणि त्याच्या बाजूने पातळ वाहतं. लाजू नका. आम्हाला याचं काही वाटत नाही, आमचा निम्मा दिवस याच विषयावर बोलण्यात जातो.

भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं जमेनासं झालं की कमोड खुर्ची आणा. विकत घ्यायची गरज नसते. शहरांत आणि तालुक्याच्या गावीही रुग्णोपयोगी साहित्य अनामत रकमेवर देणारी मंडळं, ट्रस्ट आणि रोटरीसारखे क्लब आहेत. खुर्ची, वॉकर, व्हीलचेअर, वाकणारा पलंग, सगळं तिथे मिळतं. ही खुर्ची कुठे ठेवायची, दार लावून मिळेल की पडदा, हे तुम्ही ठरवा. घरच्यांना ती पलंगाच्या शेजारी हवी असते, सोयीची म्हणून. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा.

तोंड आणि जेवण

तोंड कोरडं पडलं, आत पांढरे चट्टे आले, की चव जाते आणि गिळताना दुखतं. जेवण बंद व्हायचं हे एक कारण असतं आणि कुणी तोंडात बघतच नाही. रोज आरशात जीभ बघा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरा. ब्रश लहान मुलांचा, मऊ. कवळी रात्री काढून पाण्यात. पांढरे चट्टे बहुधा बुरशीचे असतात, त्यावर तोंडात लावायचं औषध मिळतं आणि काही दिवसांत फरक पडतो. कोरडं वाटत असेल तर बर्फाचा खडा चघळा. कोकम किंवा लिंबू तोंड आलेलं नसेल तरच. मिश्री आणि तंबाखू चालू असेल तर मी प्रवचन देणार नाही, पण जखम झालेल्या तोंडाला त्याने आग होते, एवढं सांगते.

जेवणावरून घरोघरी भांडणं होतात. भूक मरणं हा या आजाराचाच भाग आहे, तुम्ही हट्ट करताय म्हणून ते होत नाही. जास्त खाल्लं म्हणून या टप्प्यावर वजन परत येत नाही. तेव्हा ताट मागू नका, वाटी मागा. मऊ भात, मेतकूट आणि तूप, पेज, नाचणीची आंबील, दुधात कुस्करलेली भाकरी, चार चमचे शिरा, जे जाईल ते, जेव्हा जाईल तेव्हा. सकाळी बहुतेकांना बरं जातं. फोडणीच्या वासाने मळमळत असेल तर जेवण गार करून घ्या, वास कमी येतो. साखर बंद, मीठ बंद, दूध बंद असली पथ्यं कुणी लादत असेल तर आधी पथकाला विचारा. मधुमेह असला तरी या टप्प्यावर डॉक्टर बरंच सैल सोडतात. एखाद्याला बोंबील खावासा वाटला तर बोंबील. आईला किंवा बायकोला एकच वाक्य सांगून ठेवा: "मी खाल्लं नाही म्हणून तू केलेलं वाईट झालं असं नाही." हे ऐकायची त्यांना फार गरज असते.

चमत्काराच्या काढ्यांबद्दल थोडक्यात. आणणारा प्रेमानेच आणतो. नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे. घ्यायचंच असेल तर पथकाला सांगून, आणि मॉर्फिन बंद करा असं सांगणाऱ्याकडचं तर मुळीच नाही.

अंगातली ताकद आणि भेटायला येणारे

या थकव्याला झोप पुरत नाही. म्हणून ताकद तुटपुंज्या पेन्शनसारखी वापरावी लागते, महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात उडवून चालत नाही. दिवसातलं एकच काम निवडा, तुम्हाला महत्त्वाचं वाटणारं. पूजा असेल, नातीचा अभ्यास असेल, गच्चीत जाऊन तुळशीला पाणी घालणं असेल. त्यासाठी ताकद राखून ठेवा आणि बाकीच्या कामांत मदत घ्या. अंघोळ बसून, स्टुलावर. रोज अंघोळ झालीच पाहिजे असं नाही, एक दिवस ओल्या फडक्याने अंग पुसलं तरी चालतं. पण दाढी स्वतःच्या हाताने करायची असेल, वेणी स्वतः घालायची असेल, तर अर्धा तास लागला तरी करा. 'दे इकडे, मी पटकन करते' म्हणणाऱ्याला थांबवा.

झोप उडाली असेल तर एक तपासा: डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड संध्याकाळी घेताय का? ते सकाळी, काही खाऊन घ्यायचं असतं. नुसती वेळ बदलून झोप सुधारलेली मी बघितली आहेत माणसं.

आणि भेटायला येणारे. आपल्याकडे आजारी माणसाला भेटणं हे कर्तव्य, त्यामुळे रविवारी दुपारी, नेमका डोळा लागलेला असताना, सात जण येतात आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं ऐकायचं असतं. घरातला एक जण नेमा, जो दारातच गोड बोलून सांगेल, "आत्ताच पडलेत, पुढच्या वेळी फोन करून या." भेटीची वेळ तुम्ही ठरवा, वीस मिनिटं पुरे. कुणाला भेटायचं आणि कुणाला नाही याची यादी मनात नको, सांगून टाका. ज्यांच्याशी पटत नाही त्यांना या दिवसांत चहा पाजत बसायची सक्ती नाही.

दम लागतो तेव्हा

सरळ उताणं पडू नका. उंच बसा, समोरच्या टेबलावर उशी ठेवून त्यावर पुढे रेला. छोटा पंखा चेहऱ्यावर, नाक आणि गालांवर येईल असा लावा. साधं दिसतं, पण गार वारा चेहऱ्याला लागला की दम लागल्याची भावना खरोखर कमी होते. खिडकी उघडा, खोलीतली गर्दी बाहेर काढा. नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. मॉर्फिनचा लहान डोस दमावरही देतात, तेव्हा त्यासाठी लिहून दिलं तर दचकू नका.

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आहे आणि तो बोटाला लावून दिवसभर आकडा बघत बसायची सवयही. आकडा चांगला असून दम लागू शकतो, आणि तेव्हा ऑक्सिजनच्या सिलिंडरने फारसा फरक पडत नाही. यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवा.

त्वचा आणि जखम

अंथरुणात वेळ जास्त जात असेल तर दर दोन तासांनी कूस बदला. स्वतःला जमेनासं झालं की मदत मागा. माकडहाड, टाचा, खुबे इथे लाली दिसली तर तिथे चोळायचं नाही. मधे भोक असलेली गोल रबरी ट्यूब अजूनही दुकानात देतात, ती घेऊ नका, कडेला दाब येऊन रक्तपुरवठा उलट कमी होतो. हवेची गादी घ्या, पण वीज जाणाऱ्या गावात ती सपाट होते हे लक्षात ठेवून.

तोंडाच्या, स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठ फुटून जखम होते आणि तिचा वास येतो. वासामुळे माणूस स्वतःहून खोलीत कोंडून घेतो, नातवंडांना जवळ येऊ देत नाही. हा वास कमी करता येतो. मेट्रोनिडाझोलच्या गोळीची बारीक पूड जखमेवर टाकायची पद्धत आहे, कशी आणि किती ते सिस्टरकडून एकदा प्रत्यक्ष बघून घ्या. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुणं, ड्रेसिंग भिजवून मगच काढणं, आणि जखम झाकलेली ठेवणं, कारण माशी बसली तर अळ्या होतात. झाल्याच, तर तो तुमच्या स्वच्छतेवरचा डाग नाही, फोन करा, काढता येतात. जखमेतून रक्त येत असेल तर गडद रंगाचे जुने टॉवेल जवळ ठेवा. पांढऱ्या चादरीवर थोडं रक्तही भीती वाटेल इतकं दिसतं.

लगेच फोन करायच्या गोष्टी

पाय एकदम लुळे पडले, कमरेखाली बधीर झालं किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर सकाळची वाट बघायची नाही. मणक्यात मज्जारज्जूवर दाब आल्याचं ते लक्षण असू शकतं आणि त्यात एकेका तासाने फरक पडतो. लघवी पूर्ण थांबणं, थांबत नसलेला रक्तस्राव, केमो अलीकडेच झालेली असताना ताप, अचानक असंबद्ध बोलणं, आणि नेहमीच्या जादा डोसनेही न आवरणारं दुखणं, हेही याच यादीत.

मन, आणि न बोललेलं

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी मांडलं होतं की दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचं मिळून ते एकत्र असतं. मी रोज बघते. मुलीशी अबोला असलेल्या माणसाचं दुखणं गोळ्या वाढवूनही सहाच्या खाली येत नाही.

मराठी घरात एक नाटक फार चालतं. घरच्यांना सगळं माहीत असतं, रुग्णाला सांगायचं नाही असं ठरलेलं असतं. रुग्णालाही कळलेलं असतं, पण घरच्यांना वाईट वाटेल म्हणून तो दाखवत नाही. दोघंही एकाच खोलीत 'बरं वाटेल हं' म्हणत बसतात. हे नाटक थांबवायचं की नाही ते तुमच्या हातात आहे. किती जाणून घ्यायचं हेही तुमच्याच हातात. डॉक्टरांना म्हणा, "मला खरं सांगा, मुलाला बाहेर थांबू दे," किंवा म्हणा, "मला आकडे नकोत, काय ते माझ्या बहिणीला सांगा." दोन्ही चालतं. घरच्यांशी सुरुवात करायला मोठं वाक्य लागत नाही. "मला माहितेय. आपण बोललो तरी चालेल." पुढचं आपोआप होतं, रडणंही होतं, होऊ द्या.

'माझ्याच नशिबी का' हा प्रश्न सगळ्यांना पडतो, हरिपाठ पाठ असलेल्यांनाही. भजन, जप, नमाज, प्रार्थना, ज्यात तुमचं मन रमतं ते चालू ठेवा. ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांच्या उशाशी पोथी ठेवायची गरज नाही. जोडीदाराच्या शेजारी झोपायचं असेल तर तसं सांगा. हॉस्पिटलचा एकेरी पलंग घरात आला की हे आपोआप बंद होतं आणि कुणी विचारत नाही. स्पर्शाने कॅन्सर पसरत नाही.

दिवसचे दिवस काहीच नको वाटतंय, सारखं रडू येतंय, जीव द्यावासा वाटतोय, तर तेही दुखण्याइतकंच सांगायचं लक्षण आहे आणि त्यावरही उपचार असतात. पथकाला सांगा. त्यांचा फोन लागला नाही तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

कागद

डोकं चालतंय, सही करता येतेय तोवर एखाद्या बऱ्या सकाळी हे उरकून घ्या.

बँक खातं 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीचं करून घ्या, नॉमिनी तपासा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यामुळे वाद होण्यासारखं काही असेल तर मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. शुद्धीत असल्याचं डॉक्टरांचं पत्र जोडलेलं बरं. मोबाइलचा पासवर्ड, विम्याची पॉलिसी, लॉकरची किल्ली, कुणाकडून येणं आहे, कुणाचं देणं आहे, हे वहीच्या मागच्या पानांवर.

दुसरा कागद उपचारांबद्दलचा. शेवटी व्हेंटिलेटर लावावा की नाही, आयसीयूत न्यावं की नाही, हे आधी लिहून ठेवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन. तुमच्या वतीने कुणी बोलायचं त्याचं नावही त्यात लिहायचं. नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा, आणि कागदाची एक प्रत पथकाकडे, एक फाइलमध्ये. कागद करायचा नसेल तर निदान सगळ्यांना एकत्र बसवून तोंडी सांगा. मध्यरात्री श्वास बदलला की मुंबईहून आलेला भाऊ 'अॅम्ब्युलन्स बोलवा' म्हणतो आणि तुमची इच्छा माहीत असलेली बायको गप्प बसते.

शेवटची चौकशी घरातल्या कुणाला तरी आत्ताच करायला सांगा. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला, फॉर्म ४ ए, कोण देणार? तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो द्यायचा असतो आणि शहरात त्याशिवाय स्मशानात अडचण येते. फॅमिली डॉक्टर रात्री येतील का, ते गावाला गेले असतील तर दुसरे कोण, हे विचारून नाव आणि नंबर भिंतीवरच्या कागदावर चौथ्या ओळीत लिहा. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, त्यासाठी लागणारी आधार कार्डाची झेरॉक्स फाइलच्या पहिल्या कप्प्यात ठेवा.